नदीकाठची नवी घरे कोणाची?

मे २०२५ मध्ये चिखली येथे इंद्रायणीच्या काठावर उभे असलेले ३६ बंगले पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने जमीनदोस्त केले. हे बंगले नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत होते. राष्ट्रीय हरित लवादाने २०२४ मध्ये ते पाडण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम केला आणि मग यंत्रे चालली. पाडकामाची बातमी दोन दिवस चर्चेत राहिली, नंतर विरून गेली. परंतु तिच्यामागील प्रश्न विरणारा नाही. भूखंड विकले जात होते, जोती उभारली जात होती, वीज आणि पाणी जोडले जात होते, त्या सर्व काळात पूररेषेचा नकाशा कोणत्या कपाटात होता? घर म्हणजे मध्यमवर्गीय कुटुंबाची वर्षानुवर्षांची बचत आणि पुढील वीस वर्षांचे कर्ज. ते बुडाल्यावर नदीला दोष देता येत नाही. नदी आपल्याच जागेत होती.

या घटनेला तात्कालिक अपवाद मानून पुढे जाणे चुकीचे ठरेल. पवना, मुळा आणि इंद्रायणी या तीन नद्यांच्या काठी वसलेल्या या नगरीत नदीकाठ ही आता एक नवी बाजारपेठ झाली आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी नदीकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या या शहराला आता नदीकडे तोंड करण्याची घाई झाली आहे. एकीकडे बंद पडलेल्या किंवा अन्यत्र हललेल्या कारखान्यांच्या जमिनी निवासी वापरासाठी मोकळ्या होत आहेत. दुसरीकडे नदीकाठ सुधारण्याच्या योजना आकारास येत आहेत. मुळा नदीच्या वाकड ते सांगवी या पट्ट्यातील कामासाठी महापालिकेने २०२३ मध्ये कर्जरोखे काढून दोनशे कोटी रुपये उभारले. या दोन प्रवाहांचा संगम जेथे होईल तेथे नवी वसाहत उभी राहणार, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही. ती कशी असावी, कोणासाठी असावी आणि तिच्यावर या नगरीच्या औद्योगिक इतिहासाची कोणती खूण असावी, याचा विचार मात्र आजच झाला पाहिजे.

जगातील अनेक जुन्या बंदरांनी असा विचार केला आहे. गोद्या ओस पडल्या, वखारी रिकाम्या झाल्या आणि त्यांच्या जागी पाण्याकाठची घरे आली. ती रचताना जुन्या धक्क्यांची, विटांच्या वखारींची, याऱ्यांची आणि लोखंडी तुळयांची आठवण जपण्यात आली. पिंपरी-चिंचवडला समुद्र नाही आणि बंदरही नाही. परंतु पाणी, कारखाना आणि घर यांचे नाते येथेही तेवढेच जुने आणि तेवढेच गुंतागुंतीचे आहे.

पाण्याने घडविलेली नगरी

चिंचवड हे मोरया गोसावींच्या समाधीचे आणि चापेकर बंधूंचे गाव. पवनेच्या काठावरील समाधिमंदिरात पावसाळ्यात पाणी शिरते, ही तेथील लोकांच्या परिचयाची गोष्ट आहे. आपल्या पूर्वजांनी घाट बांधले ते पाणी वर येणार आणि खाली जाणार हे गृहीत धरूनच. घाटाची पायरी ही एका अर्थाने पूररेषाच होय. ती नदीला अडवीत नाही, माणसाला मागे सरण्याची जागा देते.

फाळणीनंतर पिंपरीला निर्वासित सिंधी बांधवांची छावणी आली. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिन तयार करणारा देशातील पहिला सरकारी कारखाना पिंपरीच्या माळावर उभा राहिला. कारखान्यासोबत कामगारांची वसाहतही वसविण्यात आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवडच्या कोरडवाहू जमिनींवर कारखान्यांचे भूखंड आखले गेले. मुंबईहून येणारा लोहमार्ग व महामार्ग आणि पवनेचे पाणी या दोन गोष्टी नसत्या तर हे सारे कोठे तरी अन्यत्र झाले असते. पवनेवर धरण झाले, रावेतच्या बंधाऱ्यावरून पाणी उचलले जाऊ लागले आणि तेच पाणी यंत्रांनाही पुरले व घरांनाही. म्हणजे मुंबईचे जे नाते गोदीशी, तेच या नगरीचे नाते पवनेशी आहे.

१९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ मध्ये महानगरपालिका, अशा पायऱ्या या नगरीने भराभर ओलांडल्या. १९९१ मध्ये पाच लाखांवर असलेली लोकसंख्या २००१ मध्ये दहा लाखांपुढे गेली आणि २०११ च्या जनगणनेत ती १७ लाख २७ हजारांवर पोचली. या वाढीत एक गोष्ट नजरेतून सुटता कामा नये. प्राधिकरणाची स्थापनाच मुळी कारखान्यांजवळ कामगारांना परवडणारी घरे मिळावीत या हेतूने झाली होती. त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्या शेतकऱ्यांचा साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला आणि २०२१ मध्ये प्राधिकरणच विलीन झाले. दरम्यान रुंद रस्त्यांची आणि टुमदार बंगल्यांची सुंदर उपनगरी निश्चित उभी राहिली. परंतु तीन पाळ्यांत राबणाऱ्या सामान्य कामगाराला तेथे घर घेणे हळूहळू अशक्य होत गेले.

आता कारखानेच स्थलांतर करू लागले आहेत. बजाजच्या आकुर्डी कारखान्यातील दुचाकींचे उत्पादन २००७ मध्ये थांबले. त्याआधीच १९९९ मध्ये चाकणचा कारखाना सुरू झाला होता. मर्सिडीजची मोटार प्रथम १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या आवारात जोडली गेली. २००९ मध्ये तो कारखाना चाकणला गेला. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने ज्या संग्रामदुर्गावरून शाइस्तेखानाच्या फौजेशी झुंज दिली, त्या दुर्गाच्या आणि कांद्याच्या बाजारपेठेच्या गावाला आता मोटारींचे गाव म्हणून ओळखले जाते. जुन्या पट्ट्यातील जमीन यामुळे मोकळी होत आहे. २०१६ च्या अखेरीस केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची अतिरिक्त जमीन विकून देणी भागविण्याचा निर्णय घेतला, ही याच प्रक्रियेची एक ठळक खूण होय. ज्या कारखान्याने देशाला स्वस्त औषध दिले, त्याची शेवटची मौल्यवान वस्तू त्याची जमीन ठरावी, यात काळाची क्रूर थट्टा आहे.

मुंबईने दिलेला धडा

औद्योगिक जमिनीचे पुढे काय करावे, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांतील कलम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि उरलेला मालकांसाठी, अशी वाटणी घालून दिली होती. विभागणी न्याय्य होती. परंतु २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती मर्यादित झाली. इमारतींखालची जमीन हिशेबातून वगळली गेली आणि लोकांच्या वाट्याला येणारा तुकडा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. एका शब्दाच्या व्याख्येत शेकडो एकरांचे भवितव्य दडलेले असते, हे त्या दुरुस्तीने दाखवून दिले. त्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या काही मनोऱ्यांच्या पायथ्याशी गिरणीची चिमणी जपून ठेवलेली आढळते. चिमणी राहिली, तिच्या धुराखाली आयुष्य काढलेल्यांचे वारस मात्र घराच्या सोडतीची वाट पाहत राहिले.

मुंबई बंदराची गोष्ट अजून पूर्ण व्हावयाची आहे. १८७५ मधील ससून गोदी, १८८० मधील प्रिन्सेस गोदी, १८८८ मधील व्हिक्टोरिया गोदी, १९१४ मधील अलेक्झांड्रा गोदी, अशी चढती भाजणी लिहिणाऱ्या या बंदराचा मोठा व्यापार १९८९ नंतर न्हावा-शेवाकडे वळला. शहराच्या पूर्व किनाऱ्यावर बंदराच्या मालकीची सुमारे १८०० एकर जमीन आहे. तिचे काय करावे हे ठरविण्यासाठी २०१४ मध्ये राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समुद्राकडे जाणाऱ्या वाटा लोकांना खुल्या व्हाव्यात, ही मुंबईकरांची मागणी तेव्हापासून सातत्याने होत आहे. गिरण्यांच्या बाबतीत जमीन खासगी होती, म्हणून सरकारचे हात बांधलेले होते असे कोणी म्हणू शकेल. बंदराच्या बाबतीत ती सबबही उरत नाही.

लंडन, हँबर्ग आणि एम्शर

लंडनच्या जुन्या गोद्या साठ-सत्तरच्या दशकांत एकामागून एक बंद झाल्या. १९८१ मध्ये तेथे विकास महामंडळ स्थापन झाले आणि ते १९९८ पर्यंत चालले. टेम्सच्या काठावरील मसाल्यांच्या आणि चहाच्या वखारींमध्ये आलिशान सदनिका झाल्या. वेस्ट इंडिया गोदीच्या जागी कॅनरी वार्फचे मनोरे उभे राहिले. तथापि १९९२ मध्ये तेथील विकासकाचे दिवाळे निघाले आणि केवळ जमिनीच्या भाववाढीवर उभारलेली नगररचना किती ठिसूळ असते हे जगाला दिसले. पिढ्यान्‌पिढ्या गोदीत हमाली केलेल्या कुटुंबांनी तर एवढेच म्हटले की, ही नवी घरे आमच्या अंगणात आहेत, परंतु आमच्यासाठी नाहीत.

हँबर्गने वेगळा मार्ग धरला. १९६२ च्या महापुरात त्या शहरात तीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. ती स्मृती ताजी होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जुन्या बंदराच्या १५७ हेक्टर जागेवर नवी वसाहत योजताना तेथील नियोजनकारांनी पाण्यासमोर भिंत बांधली नाही. इमारतींची जोती समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंचीवर घेतली आणि काठावरचे फिरण्याचे रस्ते मुद्दाम खाली ठेवले. भरती चढली तर ते बुडावेत आणि ओसरली की पुन्हा खुले व्हावेत. आपला घाट याहून वेगळे काय सांगतो? आणखी एक गोष्ट अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. निवासी भूखंड देताना तेथे केवळ सर्वांत मोठी बोली पाहिली गेली नाही; आराखड्याच्या गुणवत्तेला, म्हणजे तेथे कोण राहणार आणि तळमजल्यावर काय चालणार याला, मोठे वजन दिले गेले.

या पट्ट्याला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र बंदराचे नसून जर्मनीतीलच एम्शर नदीचे आहे. कोळसा आणि पोलादाच्या रुऱ्ह प्रदेशातील ही नदी जवळजवळ शतकभर उघडे गटार होऊन वाहिली. १९८९ ते १९९९ या दशकात तेथील बंद भट्ट्यांची उद्याने झाली, खाणींची संग्रहालये झाली. परंतु खरे काम जमिनीखाली चालले होते. १९९२ पासून सांडपाण्याच्या स्वतंत्र वाहिन्या टाकण्यास प्रारंभ झाला आणि २०२१ च्या अखेरीस नदी सांडपाण्यापासून मुक्त झाली. तीस वर्षे आणि पाच अब्जांहून अधिक युरो लागले. आधी गटार वेगळे केले, मग काठ सजविला. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कारण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत महाराष्ट्रातील ५३ प्रदूषित नदीपट्टे होते, देशात सर्वाधिक, आणि त्यांत पवना, मुळा व इंद्रायणी या तिघीही होत्या. आळंदीला इंद्रायणीवर फेसाचे थर तरंगताना पाहून वारकऱ्याचे मन विषण्ण होते. त्याच पाण्याच्या काठावर संगमरवरी कट्टे आणि कारंजी बांधणे म्हणजे ताप मोजावयाचा सोडून रोग्याच्या गालाला लाली लावणे होय.

वाढलेल्या मोलाचा धनी कोण?

नदीकडे तोंड असलेल्या सदनिकेची किंमत तिच्याच मागच्या बाजूच्या सदनिकेपेक्षा जास्त असते. वीट तीच, सिमेंट तेच, गवंडीही तोच. मग हा फरक कशाचा? अर्थशास्त्रात याला अनर्जित वाढ म्हणतात. जमीनमालकाच्या श्रमाने नव्हे, तर समाजाच्या श्रमाने जमिनीचे मोल वाढते, हे स्टुअर्ट मिलने एकोणिसाव्या शतकातच सांगितले. पवनाकाठच्या जमिनीला ते तंतोतंत लागू पडते. धरणासाठी मावळातील शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या आणि त्यांचे पुनर्वसन दशकानुदशके अपुरे राहिले. पवनेचे पाणी बंद नळातून शहराला नेण्यास विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी आंदोलक मृत्युमुखी पडले. रस्ते, पूल आणि मैलाशुद्धीकरण केंद्रे करदात्याच्या पैशातून झाली. कर्जरोख्यांची परतफेडही तोच करणार. आणि या गावाला नाव मिळवून दिले ते कारखान्यांनी व त्यांतील कामगारांनी. मोल वाढविणारे इतके जण असताना लाभ घेणारा मात्र एकच असावा, हे न्यायाला धरून नाही आणि अर्थशास्त्रालाही धरून नाही.

दुसरी बाजू हानीची आहे. पात्रात भराव टाकून एका वसाहतीने आपली जमीन उंच केली की पुराचे पाणी नाहीसे होत नाही. ते समोरच्या काठावर किंवा खालच्या वस्तीत जाते. पवना दापोडीला मुळेस मिळते आणि मुळा पुढे पुण्यात मुठेस. म्हणजे रावेतला टाकलेल्या भरावाची किंमत सांगवी-दापोडीच्या तळमजल्यावरील भाडेकरू मोजतो. लाभ खासगी आणि हानी सार्वजनिक, असा हा व्यवहार आहे. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या प्रलयाची स्मृती ज्या पुणे परिसरात अजून जिवंत आहे, तेथे हे पुन्हा समजावून सांगावे लागावे, हेच आश्चर्य.

महाराष्ट्रात यासंबंधी नियम नाहीत असे नव्हे. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा पाटबंधारे खाते आखते. निळ्या रेषेच्या आत नव्या इमारतींना मनाई आहे. दोन रेषांच्या मध्ये बांधावयाचे तर जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर उंच हवे. बंद कारखान्याच्या जमिनीवर घरे बांधण्यापूर्वी कामगारांची देणी भागल्याबाबत कामगार आयुक्तांचा ना हरकत दाखला लागतो. मोठ्या शहरांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर वीस टक्के घरे अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याची तरतूद २०१३ पासून आहे. उणीव नियमांची नसून ते एकत्र वाचण्याची आणि वेळेवर पाळण्याची आहे.

वारसा म्हणजे शोभा नव्हे

औद्योगिक वारशावरून स्फुरलेली घरे म्हणजे काय, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्रवेशद्वारावर गंजका दंतचक्र टांगणे, दिवाणखान्याची एक भिंत उघड्या विटांची ठेवणे आणि इमारतीला फौंड्रीचे नाव देणे, याला वारसा म्हणत असतील तर ती केवळ जाहिरात आहे. कारखान्याची इमारत ही गरजेतून जन्मलेली असते. तिचे शहाणपण घ्यावयाचे, सोंग नव्हे.

उदाहरणार्थ, जुन्या शेडची करवतीच्या दात्यांसारखी छपरे पाहावीत. त्या दात्यांची काच उत्तरेकडे असते. त्यामुळे ऊन आत येत नाही, पण दिवसभर सारखा, सौम्य प्रकाश मिळतो. नव्या वसाहतीतील शाळा, वाचनालय, सभागृह आणि प्रशिक्षण केंद्र यांना हेच छप्पर दिले तर विजेचा खर्च वाचेल आणि गावाची खूणही राहील. मजबूत सांगाडा असलेली एखादी जुनी शेड न पाडता तिथे भाजीमंडई, व्यायामशाळा किंवा मुलांना लेथ आणि वेल्डिंग शिकविणारी कर्मशाळा भरविता येईल. पूररेषांच्या मधल्या पट्ट्यात घरे खांबांवर असावीत. खालची जागा सायकलींसाठी आणि खेळण्यासाठी असावी. विजेची मीटरे, पंप आणि जनित्रे पहिल्या मजल्याच्या वर असावीत. निळ्या रेषेच्या आत काही असेल तर ते मळे, मैदाने आणि काठावरचे जुने वृक्ष. २०२५ मध्ये पिंपळे निलख भागातील नागरिकांनी मुळेकाठच्या झाडांसाठी मोर्चा काढला, त्यामागे केवळ भावना नव्हती. झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेला काठ हाच सर्वांत स्वस्त बांध असतो.

घराच्या आकाराचाही प्रश्न आहे. मोशी, चिखली, तळवडे, कुरुळी, म्हाळुंगे येथील चाळींत एकेका खोलीत चार-चार, पाच-पाच कंत्राटी कामगार राहतात. पाळी बदलली की अंथरूणही एकाचे दुसऱ्याकडे जाते. त्यांना विकत घर नको आहे, कारण उद्या काम कोठे मिळेल हे त्यांना ठाऊक नाही. त्यांना हवी आहे रास्त भाड्याची, उजेडाची, नळ आणि शौचालय असलेली खोली. कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींना सुरक्षित वसतिगृह हवे आहे. नदीकाठच्या वसाहतीत अशा भाड्याच्या खोल्या नसतील, तर तिने उद्योगाचा वारसा सांगण्याचा अधिकार गमावला असे समजावे. वीस टक्के घरे कागदावर दाखवून ती गावाबाहेर ढकलण्याची वाटही बंद झाली पाहिजे.

आक्षेपांचा विचार

यावर काही आक्षेप घेतले जातील आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. निळ्या रेषेत ज्या शेतकऱ्याची जमीन अडकली त्याचे काय, असा पहिला प्रश्न. त्याची बाजू रास्त आहे. शेजारच्याची जमीन कोट्यवधींची होते आणि याची मात्र एका रेषेमुळे मातीमोल होते. म्हणूनच त्याला हस्तांतरणीय विकास हक्कांसारखा मोबदला वेळेवर मिळाला पाहिजे. तसा तो मिळाला नाही की तुकडे पाडून विकण्याचा मोह होतो आणि चिखलीसारखे प्रसंग उद्भवतात.

दुसरा आक्षेप लघुउद्योजकांचा. कारखान्यांच्या जागी घरे आली की नवे रहिवासी आवाजाची आणि धुराची तक्रार करतात. अखेर शेजारच्या गाळ्यातील लेथही बंद करावा लागतो. हेही खरे आहे. मोठ्या कारखान्यामागे सुटे भाग पुरविणारे शेकडो गाळे असतात आणि या नगरीचा खरा कणा तेच आहेत. तेव्हा निवासी रूपांतर सरसकट नसावे. जेथे गाळे चालू आहेत तेथे ते चालूच राहतील, ही हमी आराखड्यातच हवी.

तिसरा आक्षेप हिशेबाचा. इतकी बंधने घातली तर घरे बांधणे परवडणार नाही, असे विकासक म्हणतील. परंतु बंधने आधीच ठाऊक असतील तर जमिनीची किंमत त्या प्रमाणात खाली येते. भार पडतो तो जमिनीच्या सट्ट्यावर, घरावर नव्हे. सट्टा आधी करावयाचा आणि मग तो परवडत नाही म्हणून सवलत मागावयाची, या मार्गाने १९९१ चा मुंबईचा चांगला नियम २००१ मध्ये निष्प्रभ झाला.

साठ-सत्तर वर्षांच्या शेडांना वारसा तरी कसे म्हणावे, असेही कोणी विचारील. शंभर वर्षे भरण्याची वाट पाहिली तर जपण्यासाठी काही उरणारच नाही, हेच त्याचे उत्तर.

आधी मोजणी, मग मांडणी

धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने एके काळी पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक स्थितीची घरोघर जाऊन पाहणी केली होती. तशीच पाहणी पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याची आज होणे अगत्याचे आहे. कोणता कामगार कोठे राहतो, भाडे किती देतो, कामावर जाण्यास किती वेळ घालवितो, कोणत्या कारखान्याची किती जमीन मोकळी होणार आहे आणि ती पूररेषेच्या कोणत्या बाजूला आहे, हे सारे एका नकाशावर आले पाहिजे. महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि शिक्षक या कामी उपयोगी पडू शकतील. हा नकाशा प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयात आणि प्रत्येक प्रभाग कार्यालयात भिंतीवर लावलेला असावा, म्हणजे सदनिकेची नोंदणी करावयास आलेल्या कारकुनाला किंवा शिक्षकाला आपण पुंजी कोठे गुंतवीत आहोत हे सही करण्यापूर्वीच दिसेल. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही, इच्छा लागते.

चाकणच्या दृष्टीने तर ही निकडीची बाब आहे. तेथे कारखान्यांचे भूखंड आखले गेले, परंतु कामगारांच्या निवासाचा भार मुख्यतः भोवतालच्या गावांवरच पडला. पिंपरी-चिंचवडने पन्नास वर्षांपूर्वी जी चूक केली तीच इंद्रायणी आणि भामेच्या काठी आज होत आहे. आकुर्डीहून कारखाने चाकणला गेले तसे उद्या चाकणहूनही जातील. उद्योग स्थिर नसतो. तो स्वस्त जमीन आणि नवे रस्ते यांच्या मागे जातो. मागे राहतात ती माणसे आणि नदी.

पाळीचा भोंगा वाजला की पूर्वी या गावाची घड्याळे लागत. अनेक आवारांतील तो भोंगा आता मुका झाला आहे. त्या आवारांत नवी घरे जरूर व्हावीत, नदीकडे त्यांच्या खिडक्याही उघडाव्यात. परंतु त्या खिडक्यांपैकी काही, ज्याच्या बापाने तेथेच तीस वर्षे हजेरी दिली, त्याच्याही असाव्यात. आणि खिडकीखालून वाहणाऱ्या पाण्याला पावसाळ्यात पाय पसरण्यास जागा असावी. एवढे साधले नाही तर चिखलीतील ३६ बंगल्यांचा ढिगारा हा शेवटचा ठरणार नाही.